काल ऑपरेटर, आज टीम लीडर: पहिल्या तीन महिन्यांत काय करायचं

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठलीही एमआयडीसी घ्या, टीम लीडर होण्याची रीत एकच. ज्याचा मशीनवर हात चांगला, रिजेक्शन (बाद होणारे नग) कमी, खाडे कमी, त्याला एक दिवस एचआरमधून बोलावणं येतं. हातात पत्र पडतं, टोपीचा रंग बदलतो, पगारात थोडी भर पडते आणि सोमवारपासून दहा-बारा माणसं त्याच्या नावावर लागतात. मशीन शिकायला आयटीआय होतं, अप्रेंटिसशिप होती. माणसं सांभाळायचं मात्र कोणी शिकवलेलं नसतं. मग तो आधीच्या लीडरला जसं वागताना पाहिलं तसंच वागायला लागतो, आणि आधीचा लीडर बहुतेक वेळा ओरडणारा असतो.

हा लेख अशा नव्या लीडरसाठी आहे. उदाहरणं शॉपफ्लोअरची आहेत, कारण मला तेच ठाऊक आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. लीडरचं काम टार्गेट काढणं आहे असं सगळे म्हणतात. टार्गेट निघतंच, मशीन चालू असेल तर. लीडरचं खरं काम म्हणजे वाईट बातमी आपल्यापर्यंत लवकर पोचेल अशी व्यवस्था ठेवणं.

समजा सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या मशीनवर) बोअर, म्हणजे नगातलं गोल भोक, कापणं चाललंय. इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजत जातो तसा बोअर हळूहळू लहान होत जातो. मीटरवर दिसायच्या आधी ते ऑपरेटरच्या हाताला कळतं: भोक तपासायचा गो गेज सकाळी आपसूक आत जात होता, तो आता जड जायला लागलाय. त्याच वेळी त्यानं हाक मारली, तर ऑफसेट द्यायचा (मशीनच्या मापात तेवढी दुरुस्ती भरायची) किंवा इन्सर्ट बदलायचा, पाच मिनिटांचं काम. तो गप्प राहिला तर शिफ्ट संपेपर्यंत दोनशे नग रिवर्कला, म्हणजे परत कामाला. आणि ते तसेच डिस्पॅच झाले तर कस्टमरच्या गेटवर आपली माणसं उभं राहून सॉर्टिंग करणार, वर डेबिट नोट (नुकसानीची वसुली) येणार ती वेगळीच. म्हणजे पाच मिनिटांचं काम पाच दिवसांचं झालं, ते एक हाक न मारल्यानं. तो का गप्प राहिला? कारण मागच्या वेळी त्यानं सांगितलं तेव्हा त्याला सगळ्यांसमोर विचारलं गेलं होतं, "झोपला होतास काय?"

सोमवारच्या आधी: साहेबांकडून चार गोष्टी पक्क्या करा

पत्रात "जबाबदाऱ्या" लिहिलेल्या असतात, अधिकार लिहिलेले नसतात. ते विचारून घ्या. लाइन मी थांबवू शकतो का, की आधी फोन करायचा? ब्रेकडाउन किती मिनिटांच्या पुढे गेलं की तुम्हाला कळवायचं? एका दिवसाची रजा मी मंजूर करायची की तुम्ही? ओव्हरटाइमला कोण थांबणार हे कोण ठरवणार? उत्तरं तोंडी मिळतील. घरी गेल्यावर साहेबांना व्हॉट्सॲपवर लिहून टाका: "सर, आज बोलल्याप्रमाणे..." यात कुठे खोडसाळपणा नाही. रात्री दोन वाजता तिसऱ्या शिफ्टला निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा हाच मेसेज पाठीशी असतो.

आधीच्या लीडरकडून मशीनची माहिती जरूर घ्या: कुठलं मशीन कधी रुसतं, कुठला स्पेअर स्टोअरमध्ये कधीच नसतो. माणसांबद्दलची मतं मात्र घेऊ नका. "तो कामचोर आहे, हा युनियनवाला आहे, त्याच्यावर लक्ष ठेव" ही यादी तो प्रेमानं देईल. ऐकून सोडून द्या. त्या यादीतली निम्मी माणसं फक्त त्याच्याशी पटत नव्हतं म्हणून तिथे असतात.

पहिला आठवडा: काही बदलू नका, विचारत फिरा

नव्या लीडरला पहिल्याच दिवशी काहीतरी करून दाखवायची घाई असते. रॅक हलवतो, जेवणाच्या वेळा बदलतो, नवा फॉरमॅट काढतो. एक आठवडा थांबा. त्या आठवड्यात प्रत्येकाशी दहा-दहा मिनिटं बोला, त्याच्या मशीनजवळ जाऊन. टेबलावर बोलावलंत की अख्खी लाइन मान वर करून बघते आणि तो माणूस आधीच आखडतो.

प्रश्न साधे ठेवा. "या मशीनवर रोज कशाचा वैताग येतो?" "कुठली गोष्ट आधी सांगून झालीय पण कोणी केली नाही?" "घरचं, येण्याजाण्याचं, रजेचं मला काय माहीत असायला हवं?" दुसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त बोलतात. कूलंट गळतंय, पायाखाली मॅट नाही, पंख्याचा वारा खांबाला लागतो, गेज ठेवायला जागा नाही म्हणून तो ट्रॉलीवर पडून खराब होतो. आणि "सांगितलं होतं, काय झालं?" हे वाक्य.

यातली एक गोष्ट, जी तुमच्या हातात आहे ती, त्याच आठवड्यात करा. पंखाच फिरवून द्या. मेंटेनन्सला गोडीगुलाबीनं सांगून मॅट आणा. जी होणार नाही तीही जाऊन सांगा: "नवीन ट्रॉलीला बजेट नाही म्हणाले, एप्रिलनंतर परत विचारतो." सांगितलेलं कुठेतरी पोचतं, हे माणसाला दिसलं पाहिजे. गो गेज जड जातोय हे तो तुम्हाला सांगेल की नाही, ते पंख्यावर ठरतं.

संबोधनाचा प्रश्न बरेच जण विचारतात. कालपर्यंत काका म्हणत होतात ते काकाच राहू द्या. बरोबरच्या मित्राशी अरे-तुरे बंद करायची गरज नाही, एकदम "अहो" केलंत तर तोच हसेल. फक्त त्याला बाजूला घेऊन एकदा सांगा, की ओव्हरटाइम आणि रजेत तुझं-माझं होणार नाही. कंत्राटी पोरांना नावानं हाक मारा. "ए काँट्रॅक्ट, इकडे ये" अशा हाका आजही ऐकू येतात, आणि मग त्याच पोरानं क्वालिटीची काळजी घ्यावी अशी अपेक्षा असते. टीममध्ये बिहार-यूपीची मुलं असतील तर मीटिंगचं मुख्य तेवढं हिंदीतही सांगा. मान हलवली म्हणजे कळलं असं समजू नका.

ही जागा आपल्यालाच मिळेल असं ज्याला वाटत होतं, असा एक जण टीममध्ये असतोच. त्याच्याकडे सगळ्यात आधी जा. "दादा, ही जागा तुम्हाला मिळायला हवी होती असं वाटत असेल तर त्यात काही चूक नाही. सेटिंगमधलं तुमच्याइतकं इथे कोणाला कळत नाही. नव्या पोरांना सेटिंग तुम्ही शिकवणार का?" हे खरं असेल तरच बोला. सेटिंगमध्ये तो यथातथाच असेल तर ज्यात खरंच चांगला आहे ते शोधा. खोटी स्तुती ज्येष्ठ माणसाला लगेच कळते.

शिफ्टची पहिली पाच मिनिटं

सुरुवातीची उभ्याउभ्या मीटिंग पाच मिनिटांत संपली पाहिजे. क्रम असा ठेवा: सुरक्षेचं काही असेल तर ते, मागच्या शिफ्टनं काय ठेवलंय ते, आज कोण कुठे, आणि शेवटी आकडा. बहुतेक जण आकड्यानं सुरू करतात आणि पुढचं कोणी ऐकतच नाही. काल कोणाचं रिजेक्शन आलं त्याचं नाव इथे घ्यायचं नाही.

हँडओव्हर मशीनपाशी उभं राहून करा, टेबलाशी नको. दोन्ही शिफ्टच्या लीडरनी एकत्र एक फेरी मारायची. बसची वेळ झालेली असते, बाहेर हॉर्न वाजत असतो, म्हणून लॉगबुकात "मशीन 4 थोडा प्रॉब्लेम" असं खरडून माणूस पळतो. त्या वाक्याचा उपयोग शून्य. असं लिहा: "मशीन 4. पाच वाजल्यापासून गो गेज जड. ऑफसेट दिला. दर 20 नगांना तपासा. इन्सर्ट स्टोअरमधून काढून ड्रॉवरमध्ये ठेवलाय." पुढच्याला फोन करायची गरज पडली नाही म्हणजे हँडओव्हर नीट झालं.

चूक समोर आली की पहिलं वाक्य काय?

इथे थोडं थांबू, कारण नव्या लीडरची परीक्षा इथेच होते.

ऑपरेटर येऊन सांगतो, "साहेब, नग गेले." तोंडात आपसूक येतं: "कोणी केलं?" हा प्रश्न गिळा. त्याऐवजी विचारा: "कधीपासून?" मग "किती नग?" मग "कुठे ठेवलेत?" या क्रमाला कारण आहे. कधीपासून हे कळलं की मागे कुठपर्यंत तपासायचं ते ठरतं. किती आणि कुठे हे कळलं की संशयित माल लाल ट्रेमध्ये वेगळा होतो, पुढच्या स्टेशनला जात नाही. "कोणी" या प्रश्नानं यातलं एकही काम होत नाही. उलट, माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि "कधीपासून" याचं खोटं उत्तर देतो. तो म्हणतो दहा मिनिटांपूर्वी, असतो एक तास. मग मधल्या पन्नास मिनिटांचा माल कोणी तपासतच नाही.

माल वेगळा झाला, मशीन परत चालू झालं, की मग कारण शोधा. त्यातही "तू का नाही बघितलंस?" यापेक्षा "बघायला काय अडचण आली?" असं विचारून पाहा. उत्तर बऱ्याचदा असं येतं: गेज दुसऱ्या मशीनवर होता. किंवा दोन मशीन एकट्यानं चालवत होतो, कारण बाजूचा रजेवर होता आणि त्याच्या जागी कोणी दिलं नाही. कोणी दिलं नाही म्हणजे तुम्ही दिलं नाही.

हे मऊपणाचे धडे वाटत असतील तर दोन गोष्टी बघा. ॲमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधिकेनं 1990च्या दशकात हॉस्पिटलमधल्या नर्सिंग टीम तपासल्या, औषध देताना होणाऱ्या चुकांसाठी. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असा तिचा अंदाज होता. आकडे उलटे आले: ज्या टीम चांगल्या चालत होत्या तिथेच चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडलं की तिथे चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तिथे त्या मोकळेपणानं सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी झाकल्या जात होत्या. तुमच्या लाइनचं रिजेक्शन पहिल्या महिन्यात कागदावर वाढलं तर घाबरू नका, आणि साहेबांना हे आधीच सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना 1982 साली बंद पडला. गैरहजेरी, भांडणं, खराब गाड्या यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. 1984 साली टोयोटा आणि जनरल मोटर्सनं भागीदारीत तो नुम्मी या नावानं पुन्हा सुरू केला आणि कामावर घेतलेले बहुतेक कामगार त्या जुन्याच कारखान्यातले होते. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या बरोबरीला आला. आधी लाइन थांबवणं हा गुन्हा होता. आता प्रत्येकाच्या हाताशी दोरी होती. दोरी ओढली की लाइन लगेच थांबत नाही. आधी टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या जागेपर्यंत गाडी पोचेतो अडचण सुटली नाही तरच थांबते. आपल्याकडेही पुष्कळ कारखान्यांत हे अँडॉनचे, म्हणजे मदत हवीय हे दाखवणारे, दिवे बसवलेत. बटण दाबलं की लीडर आठ्या घालून येतो म्हणून ते कोणी दाबत नाही, ही वेगळी गोष्ट.

तेव्हा हाक आली की चालत जा, वेळेवर जा, आणि पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंत" हे असू द्या. सुरुवातीला ते ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल. तरी म्हणा.

कान उघाडणी आणि शाबासकी

शाबासकी सगळ्यांसमोर, कान उघाडणी बाजूला घेऊन, हे सगळ्यांना पाठ आहे. जे पाठ नसतं ते असं: दोन्ही त्याच दिवशी, आणि दोन्हीत नेमकी गोष्ट हवी. "चांगलं काम करतोस" यानं कोणाला काही कळत नाही. "काल बॉक्सवरचं लेबल चुकलेलं तू पकडलंस, नाहीतर ट्रक परत आला असता" हे तो घरी जाऊन सांगतो.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. एक पोरगा आठवड्यात तीनदा उशिरा येतो. "तुला नोकरी करायचीय का नाही?" यावर तो मान खाली घालतो आणि चौथ्यांदा उशिरा येतो. "या आठवड्यात सोमवारी, बुधवारी, गुरुवारी वीस मिनिटं उशीर झाला. तेवढा वेळ आधीच्या शिफ्टचा माणूस थांबतो, त्याची बस जाते. काय होतंय?" असं विचारलंत तर कळेल, की खोलीत सहा जण राहतात, तिघं वेगळ्या शिफ्टचे, झोप होत नाही. किंवा बसचा थांबा बदललाय. यातलं जे सुटण्यासारखं आहे ते सोडवा. नंतर तारीख ठरवून घ्या: "पुढच्या सोमवारपासून वेळेवर." त्यानंतरही तेच चाललं तर रीतसर एचआरकडे कळवा, आणि कळवणार आहे हे त्याला आधी सांगा. समजून घेणं म्हणजे सोडून देणं नव्हे.

काही बाबतींत मात्र चर्चाच नाही. दारू पिऊन आलेला माणूस मशीनपाशी जाणार नाही. सेफ्टी डोअरचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी कळ) बायपास केलेला दिसला की मशीन बंद, मग टार्गेट कितीही मागे असो. पण आधी स्वतःला विचारा, तो बायपास तुमच्याच आकड्याच्या घाईसाठी केला नाही ना.

आणि एखादी महिला सहकारी कोणाच्या वागण्याबद्दल, शेऱ्यांबद्दल, अंगचटीला येण्याबद्दल सांगायला आली, तर ते "आपसात मिटवून टाकू" म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी 2013च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असावी लागते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते, कारण असेल तर समिती मुदत वाढवूही शकते. ऐकून घ्या, समितीच्या सदस्यांची नावं द्या, लिहायला मदत लागली तर करा, आणि चहाच्या टपरीवर त्याचा उच्चार करू नका.

रजा आणि ओव्हरटाइम: इथेच पक्षपाताचा शिक्का बसतो

कामावरून जेवढी भांडणं होत नाहीत तेवढी रजेवरून होतात. कोकणातल्या माणसाला गणपतीला गावी जायचंच असतं, छटपूजेला बिहारची मुलं जातात, जूनमध्ये पेरणी, मे महिन्यात लग्नं, आषाढीला एखादा वारीला. हे दरवर्षी येतं आणि दरवर्षी लीडरला धक्का बसतो. महिनाभर आधी मोठा कागद भिंतीवर लावा, ज्याला जी तारीख हवी ती त्यानं स्वतः लिहायची. एका दिवशी चार नावं आली की चौघांना एकत्र उभं करून विचारा, कसं करायचं? ते आपसात ठरवतात, आणि तुमच्यापेक्षा बरं ठरवतात. गेल्या वर्षी ज्यानं माघार घेतली त्याला या वर्षी पहिला मान, एवढाच नियम तुमचा.

ओव्हरटाइमचंही तसंच. दुप्पट दर असतो, त्यामुळे तो कोणाला मिळाला हे सगळे मोजत असतात. नाव आणि तास यांचा तक्ता उघड्यावर ठेवा.

शिकवणं

तुम्ही उत्तम ऑपरेटर होतात हीच मोठी अडचण. नव्या पोराचा हात अडखळला की तुम्ही त्याला बाजूला सारून "सरक, मी करतो" म्हणता. नग होतो, पोरगा शिकत नाही, आणि उद्या तुम्ही परत तिथेच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या नव्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी एक पद्धत बसवली गेली, पुढे टोयोटानं ती उचलली. पायऱ्या चारच. आधी त्याला निवांत करा आणि काय येतं ते विचारा. मग स्वतः करून दाखवा, एकेक टप्पा सांगत, आणि प्रत्येक टप्प्याचं कारण सांगत. मग त्याच्याकडून करून घ्या, आणि करताना त्यालाच बोलायला लावा: "आता काय करतोयस? असंच का?" शेवटी त्याला एकटं सोडा, पण अडलं तर कोणाला विचारायचं ते सांगून, आणि अधूनमधून फिरकत राहा. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. "कळलं का?" "हो." संपलं प्रशिक्षण.

वरच्यांशी बोलताना

खालून बातमी लवकर यावी असं वाटत असेल तर वरही ती लवकर गेली पाहिजे. आकडा निघणार नाही हे अकरा वाजता कळलं तर अकरालाच सांगा, तीनला नको. तीन वाक्यांत सांगा: काय झालंय, मी काय केलंय, तुमच्याकडून काय हवंय. "सर, मशीन 2चा स्पिंडल आवाज करतोय, दहापासून बंद आहे. दोन माणसं मशीन 5ला हलवली. मेंटेनन्सच्या साहेबांना तुम्ही एक फोन केलात तर लवकर येतील." टीममधल्या कोणाचं नाव पुढे करून स्वतः मागे उभं राहू नका. चांगल्या बातमीत मात्र नावं घ्या, भरभरून.

मेंटेनन्स, स्टोअर, क्वालिटी या तिघांशी शत्रुत्व करणारा लीडर फार काळ टिकत नाही. काम नसताना त्यांच्याकडे कधी चहाला जा, एवढंच.

तिसऱ्या महिन्यात दोन दिवस रजा घ्या

तोवर आपल्या मागे लाइन बघेल असा एक जण निवडा. सगळ्यात हुशार ऑपरेटर नको. ज्याला बाकीचे अडचण सांगतात तो. एक आठवडा त्याला हँडओव्हरला बरोबर घ्या, सुरुवातीची मीटिंग त्याला घेऊ द्या, साहेबांशी ओळख करून द्या, आणि तुम्ही नसताना लाइन थांबवायचा अधिकार त्याला आहे हे सगळ्यांसमोर सांगा. मग दोन दिवस गावी जा. फोन चालू ठेवा, पण स्वतःहून लावू नका.

परत आल्यावर कोणकोणत्या कारणांसाठी फोन आले ते वहीत उतरवा. किल्ली कुठे आहे, पासवर्ड काय, अमुक पार्टीचा माल कुठे ठेवायचा, असे फोन असतील तर ती माहिती अजून तुमच्या एकट्याच्या डोक्यात आहे, ती लिहून भिंतीवर लावा. फोनच आला नाही तर आधी लॉगबुक उघडून बघा. त्यात दोन दिवसांच्या अडचणी वेळेसकट लिहिलेल्या असतील तर पुढच्या वेळी चार दिवस जा. नुसतं "ओके, ओके" असेल तर मागे ठेवलेल्या माणसाला चहाला न्या आणि विचारा, काय काय झालं होतं.